पंधरा गोळ्या

मला तिन्ही नावांनी हाक मारणारा माणूस आयुष्यात एकच भेटला. माझं नाव, वडलांचं नाव, आडनाव, एकही अक्षर न गाळता. औषधाच्या खिडकीसमोर उभं राहून ते हाक द्यायचे तेव्हा कोर्टात पुकारा झाल्यासारखं वाटायचं आणि रांगेतली माणसं माझ्याकडे आरोपीकडे बघावं तशी बघायची. त्या वेळी मला त्याचा फार राग यायचा. पुढे खरोखरच आरोपी व्हायची वेळ आली, तेव्हा मात्र माझा पुकारा कुणी केला नाही. मी साक्षीदार म्हणून सुटलो आणि ते अडकले.

जालना जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर दोन-तीन वर्षांत मी एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या नोकरीवर लागलो. कोणता तालुका, ते सांगत नाही. तिन्ही नावांनी हाक मारणारे हे गृहस्थ तिथे आधीपासून ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, टाके काढायचे, सुया-चिमटे उकळून ठेवायचे, हे त्यांचं काम. अंगाने काटकुळे, मान थोडी पुढे आलेली, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात नेहमी एक शाळकरी वही दुमडून ठेवलेली. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे होते, तरी मला कधी अरे-तुरे केलं नाही.

दवाखान्यात नात्यांना तोटा नसतो. वॉर्डातला प्रत्येक पुरुष मामा आणि प्रत्येक बाई मावशी. मामा, बेडपॅन आणा. मावशी, इथलं पुसून घ्या. ऐकायला किती गोड. या गृहस्थांना मामा म्हटलं की ऐकूच येत नसे. चारदा हाक मारा, पाचदा मारा, ते पट्टी गुंडाळत बसणार. एकदा नव्या डॉक्टरसाहेबांनी वैतागून विचारलं, तर म्हणाले, "साहेब, धा मामा हायत इथं. उद्या मामाला काही झालं, तर कोन्त्या मामाला झालं हे कागदावर कसं येईन?" झाडणाऱ्या बायांनाही ते तिन्ही नावांनीच हाक मारायचे. त्या बिचाऱ्या लाजायच्या, कारण नवऱ्याचं नाव असं भर वॉर्डात उच्चारलेलं त्यांना सहन व्हायचं नाही. एक म्हातारी तर पदर तोंडावर घेऊन पळून जायची.

तो काचेच्या सिरिंजांचा जमाना होता. सुया एकदा वापरून टाकायच्या नसत. उकळायच्या, टोक बोथट झालं की दगडावर घासायच्या, पुन्हा उकळायच्या. सकाळी ते नर्सबाईंना ट्रेमध्ये सुया मोजून देत आणि दुपारी दोनला ड्यूटी बदलायच्या वेळी मोजून परत घेत. मोजताना वॉर्डाच्या दारात आडवे उभे राहायचे. दोन-दोनची जोडी करत, ओठांतल्या ओठांत पुटपुटत. मोजणी जुळली की एकच शब्द, "बराबर." मग दारातून बाजूला व्हायचे आणि मंडळी घरी जायची. जुळली नाही तर कुणीही जायचं नाही. जाफराबादकडून येणाऱ्या एका नर्सबाईंची दुपारची एसटी त्यांच्यापायी इतक्यांदा चुकली, की शेवटी त्या बदली करून घेऊन गेल्या. जाताना त्यांनी ह्यांना जे काही ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. ह्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आजच्या सुया देऊन चालल्या ना?"

सुई हरवली की त्यांचं चुंबक बाहेर निघायचं. मोडक्या रेडिओच्या कर्ण्यातून काढलेलं, सलाइनच्या नळीला बांधलेलं वाटोळं काळं चुंबक. ते घेऊन खाटाखाटांखाली फिरवायचे. पेशंटचे नातेवाईक टकमका बघत. बारकी पोरं मागे लागत. आम्ही त्यांना पाठीमागे 'मोजणीवाले' म्हणायचो, आणि मोजणीवाले चुंबक चारायला निघाले म्हणून खिदळायचो. मीही खिदळायचो. हसणाऱ्यांत मी नव्हतो असं आता म्हणायला काय हरकत आहे, पण होतो.

मी एकदा चहा पिताना विचारलं होतं, की एवढं काय त्या सुयांमध्ये. तेव्हा त्यांनी घरची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. रानातून कळप परत आला की वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घ्यायच्या आधी मोजायचा. त्यांचे वडील वाघुरीच्या तोंडाशी आडवे उभे राहून दोन-दोन मेंढरं आत सोडत. एक जरी कमी भरलं तरी वाघूर लावायची नाही, मग कितीही उशीर होवो, घरातलं कुणीही जेवायचं नाही. "माझ्या बापाला आकडा येत नव्हता," ते म्हणाले. "शाळा बिलकुल न्हाई. पन एक कमी हाय, एवढं त्याला बराबर कळायचं. अन् कमी असलं का त्याला घास जात नव्हता." मला ते तेव्हा गमतीचं वाटलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तीही हसली.

त्यांच्या मोजणीचा एक किस्सा मात्र जिल्हाभर गाजला. कुटुंबनियोजनाचं शिबिर होतं. वरून मोठे सर्जन आले होते, शाळेच्या वर्गांत गाद्या टाकून बाया झोपवल्या होत्या. ऑपरेशनं झाली, साहेबांची जीप सुरू झाली आणि हे दारात आडवे. टाक्याची एक सुई कमी. साहेब आधी हसले, मग चिडले, मग नोकरी खाण्याची भाषा करू लागले. आमचे डॉक्टर घामाघूम. हे जागचे हलेनात. म्हणाले, "साहेब, सुई बाईच्या पोटात राह्यली का जमिनीवर पडली, एवढं कळू द्या, मंग जा." चादरी झटकल्या, बादल्या उलट्या केल्या, चुंबक फिरलं. तासाभराने यांनी साहेबांना अदबीने पाय उचलायला सांगितलं. साहेबांच्या स्वतःच्या चपलेच्या रबरी तळव्यात सुई रुतून बसलेली. "बराबर," म्हणाले आणि दार सोडलं. साहेबांनी जाताना पाठीवर थाप मारली. त्या थापेचं त्यांना काही वाटलं नसावं. ते सुई धुवायला निघून गेले होते.

मग जमाना बदलला. प्लास्टिकच्या सिरिंज आल्या. एकदा टोचायची आणि फेकायची. सुई परतच येणार नाही तर मोजायचं काय? त्यांचं दारात उभं राहणं आमच्या दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टरसाहेबांनी लेखी हुकूम काढून बंद केलं. चार दिवस ते दुपारी दोनला दाराच्या बाजूला उभे राहून नुसते जाणाऱ्यांकडे बघत. कचऱ्याच्या बादलीत सुया उघड्या पडलेल्या दिसायच्या आणि त्यांचा जीव खालीवर व्हायचा. चुंबकाला नव्या सुया पूर्वीसारख्या चिकटत नाहीत, अशी तक्रारही ते करायचे. तरी रोज सकाळी फिरवायचेच. सापडलेली प्रत्येक सुई आणि कुणाला टोचली असेल तर त्याचं नाव, ते वहीत लिहून ठेवू लागले. कोणती खाट, कोणता हात, कोणतं बोट. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

त्याच सुमाराला झाडलोट ठेकेदाराकडे गेली. जुन्या बाया रिटायर झाल्या आणि त्यांच्या जागी ठेक्याच्या बाया आल्या. काम तेच, झाडू तोच, मावशी ही हाकही तीच. फक्त त्या आता आमच्या मस्टरवर नव्हत्या. काविळीची लस टोचायला पथक आलं तेव्हा सगळा स्टाफ रांगेत उभा राहिला. ह्यांनी ठेक्याच्या तीन बायांना रांगेत आणून उभं केलं. पथकाच्या माणसाने यादीत नावं शोधली, नव्हती, बायांना बाजूला काढलं. ह्यांनीही मग लस घेतली नाही. फुकटचा हट्ट, असं आम्ही म्हणालो आणि दंड पुढे केले.

आणि एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. एचआयव्हीचे पेशंट यायला लागले होते. अशा पेशंटच्या केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेनाने एक बारीकसा गोल काढायची आमच्याकडे पद्धत पडली होती. वरून हुकूम नव्हता, आम्हीच पाडलेली. गोल दिसला की नर्सबाई दोन-दोन हातमोजे चढवायच्या, मामा लोक हात आखडता घ्यायचे. त्या गोलाचा अर्थ दवाखान्यात शिपायापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. झाडणाऱ्या बायांना कुणी सांगितला नव्हता. पेशंटची गुप्तता राखायची म्हणून नाही. सांगितलं तर त्या खाटेखालचं पुसणार कोण?

गयाबाई किसन शेळके हसनाबादकडची. तिचं पूर्ण नाव मला ठाऊक असायचं कारण तेच, की ते दिवसातून दहादा उच्चारायचे. चाळिशीच्या आतबाहेरची, कामाला वाघीण, बोलायला कमी. नवरा हमालीला जायचा. मुलीची सोयरीक जुळली होती, सुपारी फुटायची बाकी होती, आणि हातात पेढा दिल्यासारखं ती हे प्रत्येकाला सांगायची.

एका सकाळी दहाच्या सुमाराला ते तिला मनगटाला धरून माझ्या खिडकीशी घेऊन आले. पाच नंबरच्या खाटेची चादर ती धुवायला गोळा करत होती. घडीत सुई होती. उजव्या हाताच्या मधल्या बोटात खोल गेली होती, रक्त आलं होतं. पाच नंबरच्या केसपेपरवर लाल गोल होता. ह्यांनी तिचा हात साबणाने नळाखाली धरून धुतला होता आणि तसेच निघून आले होते. गयाबाईला कळेना, एवढ्याशा सुईचं एवढं काय. ती मला म्हणाली, मलमपट्टी द्या भाऊ, माझं फरशीचं काम राहिलंय.

सुई टोचली तर घ्यायच्या गोळ्यांचा एक डबा वर्षभरापूर्वी वरून आला होता. माझ्या कपाटात कुलपात होता. दिवसाला दोन गोळ्या, अठ्ठावीस दिवस, छप्पन गोळ्या. जितक्या लवकर सुरू कराल तितकं बरं, असं सोबतच्या कागदावर लिहिलं होतं. त्याच कागदावर लिहिलं होतं की डबा संस्थेतील कर्मचाऱ्यांसाठी आहे. मी तो कागद त्यांना दाखवला. त्यांनी त्यावरून बोट फिरवत तो दोनदा वाचला.

ते तिला घेऊन साहेबांकडे गेले. साहेब दुष्ट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. घाबरट होते. एकच डबा आहे, उद्या माझ्या स्टाफला टोचली तर मी काय देऊ, असं ते म्हणाले. ती ठेकेदाराची जबाबदारी. ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदाराने हात वर केले. म्हणाला, बाईची नेमणूक दवाखान्यात आहे, दवाखान्यात टोचली, मी काय डॉक्टर आहे? साहेबांनी सुचवलं, तिला पेशंट म्हणून कागद काढा. पण पेशंटला त्या गोळ्या मिळण्यासाठी आजार असावा लागतो, आणि तो होऊ नये म्हणूनच तर गोळ्या हव्या होत्या. ती कर्मचारी नव्हती, पेशंट नव्हती. बाकावर बसून राहिलेली नुसती एक बाई होती आणि घड्याळात बारा वाजत आले होते.

सव्वाबाराला ते एकटे परत आले. डाव्या हाताच्या अंगठ्याला पट्टी बांधलेली.

"मला सुई टोचली," म्हणाले. "पाच नंबरची. फॉर्म द्या."

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. वीस वर्षांत त्या माणसाने एका सुईची खोटी नोंद केली नव्हती. फॉर्मवरच्या सहीचं अक्षर त्यांचं वाटत नव्हतं. लॅबमध्ये जाऊन त्यांनी तपासणीला रक्तही दिलं. मी डबा दिला. त्या दिवशी मी माणसासारखा वागलो. एवढा एकच दिवस.

पट्टीखाली काही नव्हतं. मी विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच पट्टी सोडून अंगठा दाखवला. मग खिशातली वही काढून माझ्यासमोर ठेवली. शेवटच्या पानावर त्यांच्या नेहमीच्या स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: गयाबाई किसन शेळके, खाट पाच, उजवा हात, मधलं बोट. सरकारी फॉर्मवर त्यांचं नाव आणि वहीत तिचं. मी त्यांना म्हणालो, हे पान आत्ताच्या आत्ता फाडा.

"फाडता येत न्हाई," ते म्हणाले. "तिथं लिहिलं ते झूट हाय. आता इथलंबी फाडलं तर खरं कुठंच राह्यत न्हाई. तुमच्या कपाटाला कुलूप हाय, तिथं ठिवा. कोनाला दाखवू नका. तिच्या पोरीची सोयरीक हाय."

मी वही कपाटात ठेवली. त्यांना एक खोटं करायचं होतं आणि तेही धड करता येत नव्हतं. चांगला माणूस इतका बावळट का असतो, याचा मला त्यांच्यावर आजही राग येतो.

रोज सकाळी वॉर्डाच्या दारात ते गयाबाईला अडवायचे. एक गोळी समोर गिळायला लावायचे, तोंड उघडून दाखवायला लावायचे. रात्रीची गोळी कागदात बांधून द्यायचे, ती पदराच्या गाठीत बांधायची. दुसऱ्या दिवशी तो रिकामा कागद परत घ्यायचे. दारातली मोजणी पुन्हा सुरू झाली होती. त्या गोळ्या पोटाला मानवत नसत. गयाबाई झाडूच्या खोलीमागे ओकायची, डोकं धरून बसायची. चार दिवसांनी म्हणाली, बस झालं, मला काही झालेलं नाही. ते तिच्यापुढे खाली बसले आणि म्हणाले, "गयाबाई किसन शेळके, आठ्ठावीस दिवस. लगीन पोरीचं हाय ना? मंग आईनं उभं राह्यला पाह्यजे." ती पुन्हा गोळी खाऊ लागली. मला ते खिडकीतून ऐकू आलं होतं.

एकविसाव्या दिवशी ते फुटलं. कुणी फोडलं माहीत नाही, दवाखान्यात बघणाऱ्या डोळ्यांना कमी नाही. गोळ्या ज्याच्या नावावर होत्या तो माणूस दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी आणि ठेचा चवीने खातो आणि ओकते ठेक्याची मावशी, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. साहेबांनी मला खोलीत बोलावलं. समोर माझं रजिस्टर उघडं होतं. औषध एकाच्या नावावर, खाल्लं दुसऱ्याने, आणि दिलं तुम्ही, असं ते म्हणाले. वरून विचारणा झाली तर दोघंही जाल. पुरावा नसेल तर संशय तुमच्यावरच येणार.

वहीतल्या त्या पानाबद्दल साहेबांना काहीही ठाऊक नव्हतं. जगात ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मला कुणी मारत नव्हतं, पोलीस बोलावले नव्हते, नोकरी जाईल असंसुद्धा त्यांनी स्पष्ट म्हटलं नव्हतं. माझी दोन मुलं शाळेत होती हे खरं, पण त्या वेळी ती माझ्या मनातसुद्धा आली नाहीत. नंतर कारण म्हणून आली. मी उठलो, खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि वही आणून साहेबांच्या टेबलावर ठेवली. पानसुद्धा मीच काढून दिलं.

उरलेल्या गोळ्या जमा करून घ्या, असा हुकूम झाला. त्यांच्या फळीवरच्या डब्यात चौदा निघाल्या. ते बाजूला उभे होते, त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मग मी झाडूच्या खोलीकडे गेलो. गयाबाईला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. तिने पदराची गाठ सोडली आणि कागदातली रात्रीची गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

"मोजून घ्या भाऊ," म्हणाली.

चौदा आणि एक, पंधरा. मी मोजून घेतल्या. त्या माणसाच्या सहवासात इतकी वर्षं काढल्यावर मोजायला मी शिकलो होतो.

गयाबाईला ठेकेदाराने त्याच दिवशी काढलं. कागदावर नव्हतीच, त्यामुळे काढायला कागदही लागला नाही. आणि वहीतलं पान खोलीतून खोलीत फिरलं, तसं तिचं तिन्ही नावांनिशी नाव गावभर झालं. सोयरीक मोडली. महिन्याभरात ते कुटुंब खोली सोडून कुठेतरी निघून गेलं. आठवड्याभराच्या गोळ्या राहिल्या होत्या. पुढे तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी रक्त तपासायचं असतं, तेही राहिलं.

त्यांची चौकशी वर्षभर चालली. कागदावर शब्द होता अपहार. अपहार म्हणजे चोरीच. ज्याने उभ्या आयुष्यात दवाखान्याची एक सुई इकडची तिकडे होऊ दिली नाही त्याच्यावर अपहार. मी साक्ष दिली. खरं तेच सांगितलं, सगळं खरं. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, सही माझी आहे, नोंद झूट आहे. बाईबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, जणू वही कुणी वाचलीच नव्हती. वेतनवाढी रोखल्या आणि दूरच्या आरोग्य केंद्रात बदली केली. निरोप समारंभ झाला नाही. जाताना चुंबक माझ्या खिडकीवर विसरून गेले, का ठेवून गेले, मला कळलं नाही. ते मी कचऱ्यात टाकलं. ते समोर दिसलेलं मला चालत नव्हतं.

त्या डब्याचं काय झालं तेही सांगतो. साहेबांनी स्टाफसाठी राखून ठेवला. दीड वर्ष तो माझ्या कपाटात होता. स्टाफपैकी कुणाला एकदाही सुई टोचली नाही. निदान कुणी सांगितलं नाही. सांगून काय होतं हे सगळ्यांनी बघितलं होतं. मुदत संपली तेव्हा पंचनामा करून, साहेबांची सही घेऊन, मागच्या खड्ड्यात मी त्या पंधरा गोळ्या जाळल्या.

त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी, बाजाराच्या दिवशी, खिडकीसमोर भलीमोठी रांग होती. मी मान वर न करता चिठ्ठ्या घेत होतो, आणि माझं नाव ऐकू आलं. माझं, वडलांचं, आडनाव. माझ्या हातातली पुडी खाली पडली.

ते रिटायर झाले होते. रांगेत उभे राहून, नंबराने खिडकीपाशी आले होते. आणखी वाळलेले, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. मी त्यांना आत या म्हणालो, चहा सांगतो म्हणालो. ते जागेवरून हलले नाहीत. गजांतूनच म्हणाले की गयाबाई सापडली. आधी हसनाबादला शोधलं, मग तिच्या माहेरी, मग ऊसतोडीच्या टोळ्यांत चौकशी केली. शेवटी जाफराबादकडे एका जिनिंग कारखान्यात कापूस निवडताना सापडली. "दोनदा जालन्याला नेऊन रक्त दाखवलं," ते म्हणाले. "साफ हाय. पोरीचंबी झालं लगीन, औंदा."

माझे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, आनंद तिच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त झाला. इतकी वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, "सुटलो बघा."

"तुमी कशाला सुटले?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. "ती वाचली हे तिचं नशीब. तुमचं काम न्हाई ते."

मागे रांग चुळबुळत होती. ते गज धरून आणखी पुढे झाले. मग त्यांनी विचारलं, "त्या पंधरा गोळ्या कोनाला लागल्या?"

मी म्हणालो, कुणालाच नाही. मुदत संपली, नियमाप्रमाणे जाळल्या.

"मोजून?"

"मोजून," मी म्हणालो. "पंधरा."

"बराबर," ते म्हणाले.

त्या शब्दासाठी आम्ही एके काळी वर्षानुवर्षं दुपारी दोनला दाराशी खोळंबून राहिलो होतो. तो ऐकला की घरी जायला मोकळे व्हायचो. त्या दिवशी मी तिथेच बसून राहिलो आणि ते रांगेतून बाहेर पडून एसटी स्टँडकडे निघून गेले. मागच्या माणसाने आपली चिठ्ठी गजांतून आत सरकवली आणि मी ती घेतली.